एका गिटारचा जीर्णोद्धार

धरमपेठेंतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या उन्हाळ्यांत एक लहानसा तंटा उभा राहिला. घरांत एक जुनी विजेची गिटार आहे. तिचें पोट तंबोऱ्याप्रमाणें पोकळ असून वरच्या पाटावर व्हायोलिनसारखीं दोन वळणदार छिद्रें आहेत. आजोबांनीं ती वाद्यवृंदांत पुष्कळ वर्षें वाजविली. ते गेल्यापासून ती पेटींत पडून होती. नातवानें ती बाहेर काढली तेव्हां आवाज करकरे, घरघरे आणि मध्येंच नाहींसा होई. अंगावरचें रोगण पिवळें पडून त्यांत बारीक तडे गेलेले. नातवाचा बेत असा कीं, विजेचें सर्व सामान बदलावें आणि रोगण खरवडून वाद्य नव्यासारखें करावें. आजीबाईंचें म्हणणें, "त्यांचा हात फिरलाय तिच्यावर, कशालाहि धक्का लावूं नकोस." दोघांनीं मिळून आम्हांस पंच नेमलें. आम्ही इतिहासाचे अध्यापक. कारागिरी हा आमचा प्रांत नव्हे. तथापि जुन्या वस्तूंत काय बदलावें आणि काय राखावें, हा प्रश्न शेवटीं इतिहासाचाच आहे. म्हणून त्याच वाटेनें तो सोडविण्याचें आम्ही ठरविलें.

या वाद्याची कुळकथा फारशी जुनी नाहीं. गिटारचा पाट व्हायोलिनप्रमाणें कोरून फुगीर करण्याची कल्पना अमेरिकेंतील कॅलामाझू गांवच्या ऑर्व्हिल गिब्सन यानें रुजविली. १९०२ सालीं त्याच्या नांवें कंपनी निघाली आणि १९२२ सालीं तिनें वळणदार छिद्रांची 'एल-५' ही गिटार बाजारांत आणली. परंतु पितळी वाद्यांच्या गदारोळांत गिटारचा नाजूक आवाज बुडून जाई. तेव्हां विजेचें साहाय्य घेण्यांत आलें. लोहचुंबकाभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे गुंडाळून तें वेटोळें पोलादी तारांखालीं बसवावयाचें; तार कंप पावली कीं त्यांत क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो आणि तोच वाढवून ध्वनिक्षेपकांतून ऐकविला जातो. यासच वादक 'पिकअप' म्हणतात. १९३२ च्या सुमारास ही युक्ति हवाइयन पद्धतीच्या गिटारला लागली आणि १९३६ सालीं गिब्सन कंपनीनें ती पोकळ पोटाच्या 'ईएस-१५०' या गिटारवर बसविली. चार्ली ख्रिश्चन हा तरुण वादक १९३९ सालीं बेनी गुडमनच्या मेळ्यांत शिरला आणि याच जातीच्या गिटारवर त्यानें साथीच्या वाद्यास एकल वादनाच्या पंक्तीस बसविलें. १९४२ सालीं, अवघा पंचवीस वर्षांचा असतां, तो क्षयानें वारला.

नागपुरासहि हें वाद्य अगदींच परकें म्हणतां येणार नाहीं. संगीतकार सी. रामचंद्र यांनीं येथेंच शंकरराव सप्रे यांच्यापाशीं गायनाचे धडे घेतले होते. त्यांच्याच १९४७ च्या 'शहनाई' या बोलपटांतील एका गाण्यानें शिट्टीची लकेर घरोघरीं पोंचविली; गिटार, हार्मोनिका आणि सॅक्सोफोन यांचा मेळ आपल्या सिनेसंगीतांत रुळविण्यांत त्यांचा वाटा मोठा आहे. त्यानंतरच्या पिढीला गिटार आपलीच वाटूं लागली यांत नवल नाहीं.

परंतु वीज आली ती दोन व्याधि घेऊनच आली. एक म्हणजे विजेच्या दिव्यांतून व तारांतून पिकअपमध्यें शिरणारी घरघर. तिच्यावर सेथ लव्हर यानें १९५५ सालीं उतारा काढला: उलट दिशेनें काम करणारीं दोन वेटोळीं शेजारीं ठेवलीं म्हणजे बाहेरची घरघर परस्परांत विरते आणि तारेचा नाद तेवढा उरतो. दुसरी व्याधि पोकळपणाचीच. ध्वनिक्षेपकाचा आवाज पोटांत शिरून पाट थरथरूं लागतो, ती थरथर पुन्हां पिकअप उचलतो, आणि वाद्य आपण होऊन किंकाळी फोडतें. म्हणून १९५८ सालीं 'ईएस-३३५' या गिटारच्या पोटांत मधोमध लाकडाचा ठोकळा घालण्यांत आला. थोडक्यांत, पहिल्या पोकळ विजेच्या गिटारपासून बावीस वर्षांच्या आंतच या वाद्याचा विद्युत्संसार कितीदां तरी बदलला. त्यांतील एखादें सामान बदलल्यानें परंपरेस बाध येतो, असें म्हणण्यास इतिहासाचा आधार नाहीं.

रोगणाची गोष्ट निराळी आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील गिटारांवर मद्यार्कांत विरघळविलेली लाख बोळ्यानें घोटून चढवीत. तेंच फ्रेंच पॉलिश. पळस, कुसुम, बोर यांच्या डहाळ्यांवरील एका इवल्याशा किड्याची ही निर्मिति मुख्यतः हिंदुस्थानच्या रानांतून जगभर जाई. आमच्या भंडारा-गोंदियाकडील रानांतहि ती गोळा होत आली आहे. १९२० नंतरच्या दशकांत मोटारगाड्यांसाठीं नायट्रोसेल्युलोजचें झटपट वाळणारें रोगण निघालें आणि गिटारच्या कारखान्यांनीं तेंच उचललें. हें रोगण वयाबरोबर पिवळें पडतें आणि थंडी-उन्हाच्या फेऱ्यांत त्यास जाळीदार तडे जातात. नागपुरचा पंचेचाळीस अंशांचा वैशाख ज्यानें सोसला, त्या रोगणास तडे गेले तर तो त्याचा दोष न समजतां वयाचा दाखला समजावा.

याच लाखेच्या मिश्रणाच्या तबकड्यांवर एके काळीं आपल्या गवयांचे आवाज उतरले. त्यांत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा आवाज होता, आणि खाँसाहेबांची मिरज हीच आमच्या प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या कुळांतील फरीदसाहेब यांनीं १८५० च्या सुमारास मिरजेंत तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. पंढरपूरकडचे भोपळे, तुणीचें लाकूड आणि वर लाखेचें पॉलिश, अशी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. आतां तंबोऱ्याचा विचार करा. त्याचा झंकार ज्या जवारीवर अवलंबून असतो, तिच्यावर तारांच्या घर्षणानें चरे पडतात आणि ती पुनःपुन्हां घासून लावून घ्यावी लागते. जवारी काढली म्हणून तंबोरा दुसरा झाला, असें कोणी गवई म्हणत नाहीं; उलट जवारी न काढलेला तंबोरा मुका समजला जातो. भोपळा मात्र फुटूं नये म्हणून तोच गवई प्रवासांत त्यास मुलासारखा जपतो.

आमचा निवाडा यांतूनच निघाला. पिकअप, बटणें आणि तारा ही गिटारची जवारी; पोकळ पोट आणि त्यावरील रोगण हा तिचा भोपळा. जें काढून पुन्हां पूर्ववत् बसवितां येतें, तें बदलावयास भिऊं नये. जें एकदां गेलें कीं परत येत नाहीं, त्याला हात लावण्यापूर्वीं दहादां विचार करावा. वऱ्हाडांतील कित्येक हेमाडपंती देवळांच्या शिल्पांवर भाविकांनीं जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं तैलरंग फासले आहेत. त्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण त्या रंगाखालीं छिन्नीच्या रेघा कायमच्या बुजल्या. शिवाय पोकळ गिटारचा पातळ पाट हा स्वतः कंप पावणारा अवयव आहे. त्यावर जाड नवें रोगण चढविलें तर तो जखडला जातो.

हा निवाडा ऐकून नातू हिरमुसला. आजीबाईहि पूर्ण संतुष्ट झाल्या नाहींत. तरी काम सुरू झालें. पोकळ गिटारला मागें झांकण नसतें, म्हणून आंतील सर्व सामान त्या वळणदार छिद्रांतूनच बाहेर काढावें लागतें. प्रत्येक बटणाच्या दांड्यास दोरा बांधून मगच त्यानें तें आंत सोडलें. परत बसवितांना त्याच दोऱ्यानें ओढून दांडा आपल्या भोंकांत आणला. तपासणीअंतीं पिकअप शाबूत निघाले. एक डाख सुटला होता, दोन बटणें झिजलीं होतीं आणि एक संधारित्र निकामी झालें होतें, तेवढेंच बदललें. अंगावर मऊ ओलसर फडकें फिरविलें, खरवडलें कांहींच नाहीं.

काढलेलें जुनें सामान आजीबाईंनीं बिस्किटांच्या डब्यांत घालून वर तारीख लिहिली. त्या सायंकाळीं नातवानें गिटार वाजविली तेव्हां घरघर नव्हती. पाटाच्या वरच्या कडेस आजोबांचा हात टेकून टेकून रोगण झिजलें होतें, तेथें पांढुरकें लाकूड उघडें पडलें आहे. नातवाचा हात आपोआप तेथेंच टेकला. आजीबाईंनीं तें पाहिलें. बोलल्या मात्र कांहीं नाहींत.