मँगनीज ते लोहचुंबक : महाराष्ट्राच्या खनिज-इतिहासातील एक धडा

वारज्यावरून जाणाऱ्या मुंबई-बंगळूर महामार्गावर विजेवर चालणारी वाहने आता नवलाची राहिलेली नाहीत. त्यांतील ‘चेतक’ ही दुचाकी तर पुण्याच्याच परिसरातील. जानेवारी २०२० मध्ये ती बाजारात आली व २०२२ मध्ये आकुर्डी येथे तिच्यासाठी स्वतंत्र कारखाना उघडला. परंतु एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात विरल मृत्तिका (रेअर अर्थ) व त्यांपासून घडविलेली चुंबके ह्यांच्या निर्यातीस परवाना आवश्यक केला, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात चेतकच्या उत्पादनास कात्री लागली. वाहनाच्या एकूण वजनात चुंबकाचा वाटा अल्प असतो. तथापि त्यावाचून मोटर फिरत नाही.

ह्या परावलंबनाचे मूळ केवळ खनिजाच्या अभावात शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. नागपूर व भंडारा ह्या जिल्ह्यांतील मँगनीजचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. नागपूर जिल्ह्यात १९०० च्या सुमारास उत्खनन सुरू झाले. १९०५ च्या उलथापालथीने रशियाचा पुरवठा विस्कळित होताच हिंदी मँगनीजला अपूर्व मागणी आली. १९०८ च्या सुमारास भाव कोसळताच ती तेजी ओसरली. धातुक येथील मजुरांनी खणावे, आगगाडीने बंदरावर न्यावे आणि त्याचे पोलाद युरोपात व्हावे, असा हा क्रम होता. भाव ठरविणे खाणवाल्यांच्या हाती नव्हते. स्वातंत्र्योत्तर काळात कन्हान व तुमसर येथे फेरोमँगनीजचे कारखाने निघाले. १९६२ मध्ये आजची ‘मॉईल’ स्थापन झाली. पुढे तिने डोंगरी बुजुर्ग येथे धातुकापासून बॅटरीस उपयुक्त असे मँगनीज डायॉक्साइड तयार करण्यास आरंभ केला. धातुक तेच, मात्र त्यावरील संस्कारांनी त्याचे मोल बदलले.

विरल मृत्तिकांची कथा ह्याहून निराळी नाही. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूचा शोध १९०९ मध्ये लागला, आणि गॅसबत्तीच्या जाळीस लागणाऱ्या थोरियमसाठी ती परदेशी रवाना होऊ लागली. १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी निघाली; १९५२ मध्ये आळवाये येथे वाळूवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. म्हणजे पहिली पायरी भारताने लवकरच चढली होती. परंतु शुद्ध धातू, त्यापासून मिश्रधातू व अखेरीस चुंबक ह्या पुढील पायऱ्या व्यापारी प्रमाणावर बांधल्या गेल्या नाहीत. निओडिमियमचे बलवान चुंबक १९८०-९० ह्या दशकात जगापुढे आले, आणि ते घडविण्याचा उद्योग कालांतराने मुख्यत्वे चीनमध्ये एकवटला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वर्षाला ६,००० टन चुंबके देशात निर्माण व्हावीत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचे यशापयश काळच ठरवील. भंडाऱ्याच्या मँगनीजने व त्रावणकोरच्या वाळूने दिलेला धडा मात्र स्पष्ट आहे : भूगर्भातील संपत्ती ही केवळ शक्यता होय, ती शुद्ध करून घडविण्याची विद्या ज्याच्या हाती, बाजार त्याच्याच हाती राहतो.