आदेश क्रमांक १००

लढाईतही काही रीत पाळावी, ही समजूत फार जुनी. पण ती रीत कलमवार लिहून एका सरकारने आपल्याच फौजेच्या हाती दिली ती १८६३ मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात असताना. लिहिणारा होता एक प्राध्यापक, फ्रान्सिस लीबर.

लीबर मूळचा बर्लिनचा. कोवळ्या वयात तो प्रशियाच्या फौजेतून नेपोलियनविरुद्ध लढला आणि १८१५ मध्ये नामूरपाशी मरता मरता वाचला. अमेरिकेत आल्यावर त्याने दक्षिण कॅरोलायनात वीसेक वर्षं शिकवलं. तिथे त्याने स्वतः गुलाम बाळगले होते. हे झाकून त्याची थोरवी सांगू नये. पुढे तो न्यूयॉर्कला कोलंबिया कॉलेजात गेला. युद्ध पेटलं तेव्हा त्याचे दोन मुलगे उत्तरेकडून लढत होते आणि थोरला ऑस्कर दक्षिणेकडून. १८६२ मध्ये डोनेल्सनच्या किल्ल्यापाशी उत्तरेकडून लढणाऱ्या हॅमिल्टनने हात गमावला, आणि त्याच वर्षी ऑस्कर जखमांनी गेला. त्याच सुमारास हा बाप वर्गात युद्धाच्या नियमांवर व्याख्यानं देत होता.

उत्तरेचा सरसेनापती हॅलेक स्वतः आंतरराष्ट्रीय कायद्याचा ग्रंथकार. त्याच्यापुढे पेच होता तो दक्षिणेच्या गनिमी टोळ्यांचा: पकडलेल्या माणसाला युद्धकैदी म्हणायचं की दरोडेखोर? त्याने लीबरला विचारलं. आधी एक टिपण आलं, मग १५७ कलमांची संहिता. २४ एप्रिल १८६३ रोजी ती ‘जनरल ऑर्डर क्रमांक १००’ म्हणून निघाली.

तिचं सोळावं कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. लष्करी गरजेच्या नावाखाली क्रौर्य चालणार नाही, सूडापोटी यातना देता येणार नाहीत, छळ करून कबुली घेता येणार नाही, विष वापरता येणार नाही. गरज पडली की सगळं माफ, या युक्तिवादाला त्याने तिथेच अडवलं. लगेच पुढच्या कलमात मात्र शत्रुपक्षाला, मग तो निःशस्त्र का असेना, उपाशी ठेवायची मुभा आहे. हा डाग पुसायला शतक लागलं: नागरिकांची उपासमार हे युद्धाचं हत्यार करण्यावर १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने बंदी घातली.

स्विस कायदेपंडित ब्लुंट्श्लीने लीबरच्या संहितेच्या आधारे १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला. १८७४ ची ब्रुसेल्स परिषद आणि १८९९ चा हेग करार याच वाटेने आले.

याच वाटेवर पुढे आलेल्या १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत एक अट आहे: या नियमांचा अभ्यास लष्करी शिक्षणात असावा आणि जमेल तर नागरी शिक्षणातही. भारताने हे करार स्वीकारले, १९६० मध्ये त्यांच्यासाठी कायदाही केला. युद्धाच्या बातम्या आपल्या घरांत रोज येतात. रुग्णालयावर बॉम्ब पडला तर कोणता नियम मोडला, हे आपल्या मुलांना सांगता आलं पाहिजे. महाविद्यालयांनी हा विषय केवळ कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरता ठेवू नये.