बार्शी लाइट रेल्वे : अडीच फुटांच्या रुळांनी पाडलेली वाट

१/ एप्रिल २०१६. दुष्काळाने होरपळलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली. पहिल्या फेरीत दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पाणलोटाच्या कामावर उभ्या राहिलेल्या राळेगणसिद्धीत बसून हे लिहिताना त्या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र ते ज्या वाटेने गेले, त्या वाटेचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. आजचा धागा त्यावर.

२/ जी.आय.पी. रेल्वेचा मुंबई–मद्रास मार्ग सोलापूर जिल्ह्यातून गेला. पण कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी त्यापासून सुमारे ३४ किमी दूर राहिली. कुर्डुवाडीच्या स्थानकाचे तेव्हाचे नाव ‘बार्शी रोड’. नावात बार्शी होती, पण तिथून पुढे बैलगाडीच.

३/ याच जी.आय.पी.त नोकरी केलेला इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याने बार्शीसाठी कंपनी उभारली. मार्च १८९७मध्ये गाडी धावली. रुळांमधील अंतर २ फूट ६ इंच. मुख्य मार्गाचे ५ फूट ६ इंच.

४/ कॅल्थ्रॉपचे खरे कौशल्य वजनाच्या हिशेबात होते. गाडीतील सर्वांत जड आसावर रूळ किती भक्कम हवा हे ठरते. एकट्या इंजिनाचा आस जड असला, तरी संपूर्ण मार्ग महाग होतो. म्हणून त्याने इंजिन असो वा वाघीण, प्रत्येक आसावर ५ टनांची मर्यादा घातली. इंजिनाची ताकद कमी पडू नये यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने भार चार चालक आसांवर विभागला. हलके रूळ पुरले, खर्च आटोक्यात राहिला.

५/ मार्ग वाढत गेला : १९०६ला पंढरपूर, १९११ला लातूर, १९२७ला मिरज. एकूण सुमारे ३२५ किमी. कापसाच्या गाठींबरोबर आषाढी–कार्तिकीचे वारकरीही याच गाडीने जाऊ लागले.

६/ हा प्रयोग एकाकी नव्हता. पुढे इंग्लंडमधील लीक–मॅनिफोल्ड मार्ग (१९०४) कॅल्थ्रॉपने याच मापाने बांधला. जपाननेही अनेक छोट्या स्थानिक मार्गांसाठी हेच ७६२ मिलिमीटरचे माप वापरले; योक्काइची शहरात तशी गाडी आजही धावते.

७/ काटकसरीची किंमत मात्र कुर्डुवाडीत मोजावी लागे. रूळ बदलले की वाघीण पुढे जाऊ शकत नाही. प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ हमालांनी उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायची. मालमोटारी आल्यावर हीच अडचण जिव्हारी लागली. मोटार थेट दुकानाच्या दारात माल उतरवी.

८/ १९५४मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. रुंदीकरणाला मात्र एकविसावे शतक उजाडले. २००८पर्यंत कुर्डुवाडी–लातूर टप्पा पूर्ण झाला, त्यानंतर काही वर्षांत पंढरपूर–मिरज. नव्या मार्गाने काही ठिकाणी वळण बदलले. पूर्वी बाजूला राहिलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, त्यावर आले.

९/ आता पुन्हा २०१६कडे. लातूरला आलेल्या टाक्या ब्रॉडगेजच्या होत्या, राजस्थानातील कोट्याहून आणलेल्या. अडीच फुटांचे रूळ तसेच राहिले असते, तर त्या लातूरला पोहोचल्याच नसत्या. पण स्वस्त रुळांनी ही गावे जोडली गेली नसती, तर रुंद करायला मार्ग तरी कुठून आला असता? छोट्या रेल्वेकडे आपण गतकाळाची गंमत म्हणून पाहतो. मिरज–लातूरची ती पाण्याची गाडी बहुतांशी कॅल्थ्रॉपच्या वाटेनेच गेली.