मैदान मिळाले, सूत्रे गेली: अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉलविषयी

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चुन्याने आखलेल्या रेषा, गळ्यात शिट्टी अडकवलेले क्रीडाशिक्षक आणि कडेला उभे असलेले पंधरा-वीस सहाध्यायी एवढेच चित्र येते. अमेरिकेतील विद्यापीठांत ऑगस्टच्या अखेरच्या शुक्रवार-शनिवारी जे घडते, त्याची कल्पना या चित्रावरून करता येणार नाही. महिला व्हॉलीबॉलचे सत्र त्या दिवसांत सुरू होते. एखादे विद्यापीठ यजमान होते, दोन-तीन पाहुणे संघ येतात आणि दोन-तीन दिवसांत प्रत्येक संघ दोन-तीन सामने खेळतो. नुकत्याच शाळेतून आलेल्या मुली पहिल्यांदाच विद्यापीठाचा गणवेश अंगावर चढवतात. डिसेंबरमधील राष्ट्रीय स्पर्धेसाठी चौसष्ट संघ निवडताना या पहिल्या सामन्यांचाही हिशेब होतो. त्यामुळे त्यांस निव्वळ सराव म्हणता येत नाही.

२०२३ साली सत्र सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच ३० ऑगस्टला नेब्रास्का विद्यापीठाने आपला सामना लिंकन शहरातील फुटबॉलच्या उघड्या स्टेडियममध्ये भरवला. ओमाहाच्या संघाविरुद्धच्या त्या सामन्याला ९२,००३ लोक उपस्थित होते. ज्या राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाखांच्या आसपास आहे, तेथील ही गोष्ट. मुलींचा खेळ पाहायला लोक येत नाहीत, हे विधान ज्यांनी आयुष्यभर ऐकले, त्यांना ही संख्या पुरेसे उत्तर वाटेल. आम्हांलाही ती आनंदाचीच वाटते. परंतु या गर्दीमागचा इतिहास सरळ चढत जाणारा नाही. त्यात एक मोठा लाभ आहे आणि त्याला चिकटूनच आलेली एक हानीही आहे. या लेखात त्या दोहोंचा एकत्र विचार करावयाचा आहे.

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ सालचा. मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक येथील वायएमसीए संस्थेत विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ बेतला. चार वर्षांपूर्वी जवळच्याच स्प्रिंगफील्डमध्ये निघालेला बास्केटबॉल मध्यमवयीन व्यापारी मंडळींना झेपेना. त्यांच्यासाठी धक्काबुक्की नसलेला, जाळीच्या दोन बाजूंनी खेळायचा खेळ हवा होता. थकलेल्या पुरुषांना सोसेल म्हणून निघालेला हा खेळ स्त्रियांनाही चालेल, असे त्या काळाने ठरवून टाकले. म्हणजे मुलींच्या वाट्याला व्हॉलीबॉल आला तो काहीसा त्यांना दुबळे समजूनच.

पुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षणाचे स्त्रियांचे विभाग स्त्रियांच्याच हाती होते, आणि या शिक्षिकांना चुरशीच्या स्पर्धा नको होत्या. १९२३ साली लू हेन्री हूवर यांच्या पुढाकाराने वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या परिषदेनंतर हे मत दृढ झाले. मोजक्या तरबेज मुलींनी जिंकण्यापेक्षा सर्व मुलींनी खेळावे, प्रेक्षक आणि तिकीटविक्री यांच्यामागे लागू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातून ‘प्ले डे’ नावाची प्रथा रूढ झाली. तीन-चार महाविद्यालयांच्या मुली एकत्र जमत आणि सरमिसळ करून संघ पाडले जात. कोणत्याही महाविद्यालयाचा जय वा पराजय होऊ नये, हा हेतू. खेळानंतर फराळ. आज हे वाचताना हसू येते. पण पुरुषांच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये पैशाने जो गोंधळ घातला होता, तो या शिक्षिका डोळ्यांनी पाहत होत्या. त्यांच्या भीतीत जुना संकोच होता, तसे शहाणपणही होते.

या संकोचाला पहिला धक्का परदेशातून बसला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉलचा समावेश झाला. ऑलिम्पिकमधील स्त्रियांचा तो पहिला सांघिक खेळ. कापड गिरणीतील कामगार मुलींचा भरणा असलेल्या जपानी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि जमिनीवर झेपावून, लोळण घेऊन चेंडू उचलण्याची त्यांची पद्धत जगाने पाहिली. हा नाजूक खेळ आहे, असे त्यानंतर कोणाला म्हणता येईना.

दुसरा आणि निर्णायक धक्का कायद्याचा. २३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखला जाणारा कायदा अमलात आला. केंद्र सरकारचे पैसे घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद करता येणार नाही, एवढेच त्याचे सार. इंग्रजीतील मूळ मजकूर ३७ शब्दांचा, आणि त्यात खेळाचा उल्लेखही नाही. त्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक होत्या हवाईच्या पॅट्सी मिंक. स्त्री म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारल्यामुळे त्या वकिलीकडे वळल्या होत्या. कायद्याचा रोख होता तो मुख्यतः अशा प्रवेशांवर. तो क्रीडांगणावर पोहोचणार हे ध्यानात आल्यावर उत्पन्न देणारे खेळ त्यातून वगळण्याचा प्रयत्न १९७४ मध्ये झाला, तो फसला. विद्यापीठांना १९७८ पर्यंतची मुदत मिळाली. फुटबॉलसाठी कितीतरी मुलांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या विद्यापीठाला आता मुलींच्या बाजूच्या पारड्यात काही टाकणे भाग होते. व्हॉलीबॉलला फारसा वेगळा खर्च नव्हता, सभागृहे तयार होती. ह्यूस्टन विद्यापीठाने मुलींसाठीची पहिली क्रीडा-शिष्यवृत्ती ज्या खेळाडूला दिली, ती फ्लो हायमन व्हॉलीबॉलचीच. पुढे १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात ती होती.

आता हानीची बाजू. १९७१ साली स्त्रियांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली होती: ‘असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक्स फॉर विमेन’. ‘प्ले डे’ भरवणाऱ्या शिक्षिकांच्या परंपरेतून आलेल्या या स्त्रिया स्पर्धेला तयार झाल्या होत्या, पण खेळाला शिक्षणाचाच भाग मानत होत्या. शिष्यवृत्त्यांनाही त्यांचा आरंभी विरोध होता. १९७३ मध्ये फ्लोरिडातील महिला टेनिसपटूंनी दावा लावल्यावर त्यांनी तो सोडला. तोवर पुरुषांच्या खेळापुरते पाहणाऱ्या एनसीएए या बलाढ्य संघटनेने, कायद्याचा रेटा आणि खेळातील पैसा दोन्ही ओळखून, १९८१-८२ मध्ये स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या. संघांचा प्रवासखर्च ती देणार होती, दूरचित्रवाणी तिच्या हाती होती. १९८१ साली व्हॉलीबॉलचे दोन राष्ट्रीय विजेते झाले: एनसीएएच्या स्पर्धेत सदर्न कॅलिफोर्निया, स्त्रियांच्या संघटनेच्या स्पर्धेत टेक्सास. पुढच्या वर्षी दुसरी स्पर्धा भरली नाही. संघटनेने मक्तेदारीविरोधी दावा लावला, तो ती हरली.

या विलीनीकरणाचा परिणाम पाहावयाचा तर खेळाडूंबरोबरच बाकावर कोण बसले आहे, हेही पाहावे लागते. १९७२ साली महाविद्यालयीन महिला संघांच्या दहांतील नऊंहून अधिक प्रशिक्षक स्त्रिया होत्या. त्यांतील कित्येक विनावेतन, अध्यापनाचे काम सांभाळून हे करत. पदाला पगार आणि प्रतिष्ठा आली, तसे अर्जदार बदलले. पुढील साडेतीन दशकांत स्त्री-प्रशिक्षकांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले. १९८१ पासून २०२३ पर्यंतच्या पहिल्या श्रेणीच्या ४३ राष्ट्रीय स्पर्धांत एकदाही स्त्री मुख्य प्रशिक्षक असलेला संघ विजेता झाला नाही. फ्लोरिडाच्या मेरी वाइज २००३ आणि २०१७ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेल्या, दोन्ही वेळा हरल्या.

यात कोणी खलपुरुष शोधू नये. हवाई विद्यापीठातील महिला क्रीडाविभागाच्या प्रमुख डॉनिस थॉम्पसन यांनीच १९७५ मध्ये डेव्ह शोजी या तरुणाला अर्धवेळ प्रशिक्षक म्हणून नेमले. ते २०१७ पर्यंत राहिले आणि बाराशेहून अधिक सामने जिंकून निवृत्त झाले. अशा माणसांनी हा खेळ वाढवला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. प्रश्न व्यक्तींचा नाही. एखादे काम फुकट असते तोवर ते स्त्रियांचे, आणि त्याला मोल आले की ते सर्वांसाठी खुले, अशी ही रीत आहे. शिक्षणक्षेत्रात वावरणाऱ्या आम्हांला ती केवळ अमेरिकेची वाटत नाही.

२२ डिसेंबर २०२४ रोजी ही मालिका तुटली. अंतिम सामन्यात पेन स्टेटच्या प्रशिक्षक केटी शुमाकर-कॉली, तर लुईव्हिलच्या डॅनी बुसबूम केली. म्हणजे निकाल काहीही लागला तरी विजेत्या संघाची प्रशिक्षक स्त्रीच असणार होती. पेन स्टेट जिंकले. शुमाकर-कॉली यांच्यावर त्या हंगामात स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू होते. १९९९ च्या विजेत्या पेन स्टेट संघात त्या स्वतः खेळल्या होत्या. बुसबूम केली २००६ च्या विजेत्या नेब्रास्का संघातील. २०२५ मध्ये त्या त्याच नेब्रास्काच्या प्रशिक्षक झाल्या. दोघीही टायटल नाइननंतर मिळालेल्या मैदानावर वाढलेल्या. कायद्याने खेळाडू म्हणून आत घेतलेल्या मुली सूत्रे हाती घेण्याइतक्या पुढे येण्यास एवढा काळ लागला, हा याचा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की, ही सूत्रे एकेकाळी स्त्रियांच्या हाती होती आणि ती परत मिळवावी लागली.

२०२३ च्या त्या गर्दीचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र ऑगस्टअखेरचे हे सामने पाहताना जाळीपलीकडच्या बाकाकडेही नजर टाकावी, एवढेच आमचे सांगणे. ‘प्ले डे’च्या त्या भाबड्या वाटणाऱ्या शिक्षिकांनी विचारलेला प्रश्न, खेळ कोणासाठी आणि कोणाच्या हाती, अजून निकालात निघालेला नाही.