यंत्र कोणाला विचारून घडवावे? : स्कँडिनेव्हियातील एक प्रयोग



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने संगणकाच्या इतिहासावर बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मी महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत बसून. परंतु या विषयाकडे मला पुस्तकाने नेले नाही. कारखान्याच्या दारावरच्या एका यंत्राने नेले.

काही वर्षांपूर्वी एका फौंड्रीच्या दारावर हजेरीचे नवे यंत्र बसविण्यात आले. बोट टेकवावे, यंत्राने रेषा ओळखाव्या आणि हजेरी लागावी, अशी योजना होती. कचेरीतील मंडळींची हजेरी पहिल्या दिवसापासून बिनचूक लागू लागली. मोल्डिंग आणि ग्राइंडिंग खात्यांतल्या माणसांची मात्र लागेना. वाळू आणि बीड हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजून गेल्या होत्या. महिनाअखेर कित्येकांचे दोन-दोन, तीन-तीन दिवसांचे पैसे कापले गेले. आम्ही भांडलो आणि पैसे मिळविले. पण वाटाघाटीत व्यवस्थापक म्हणाले, "यंत्रात काहीच दोष नाही." ते खोटे बोलत नव्हते. यंत्र घडविणाऱ्यांच्या समोर झिजलेले बोट कधी आलेच नव्हते, एवढीच गोष्ट होती. यंत्र घडविताना कोणाला विचारावे, हा प्रश्न जगात आणखी कोणी विचारला आहे काय, हे मी तेव्हापासून शोधू लागलो. त्या शोधात मी नॉर्वे आणि स्वीडन या देशांपर्यंत येऊन पोहोचलो.

नॉर्वेतील क्रिस्टन न्युगोर (१९२६–२००२) हे मोठे गणिती आणि संगणकतज्ज्ञ. ओले-योहान दाल यांच्यासह त्यांनी १९६०च्या दशकात 'सिम्युला' ही संगणकाची भाषा रचली, आणि त्या कार्याबद्दल दोघांना २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. कारखान्यातील कामाचा प्रवाह संगणकात जसाच्या तसा उभा करून तपासता यावा, अशी सोय या भाषेत होती. मग न्युगोर यांच्या लक्षात आले की, हे हत्यार मालकांच्या हाती पडले तर ते कामाचा वेग वाढविण्यासाठी आणि माणसे कमी करण्यासाठी वापरले जाईल. आपल्याच विद्येचा हा परिणाम त्यांना रुचला नाही. पुष्कळ विद्वान अशा वेळी एखादा लेख लिहून गप्प बसतात. न्युगोर कामगार संघटनेच्या दारी गेले.

१९७० साली नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेने त्यांच्याबरोबर एक अभ्यास हाती घेतला. आरंभीची कल्पना नेहमीचीच होती : तज्ज्ञांनी पाहणी करावी, अहवाल लिहावा आणि संघटनेला द्यावा. पण असा अहवाल कपाटात जातो, हा अनुभव सगळीकडचा सारखाच. तेव्हा त्यांनी योजनाच फिरविली. प्रकल्पाचे फळ म्हणजे अहवाल नव्हे. कारखान्यातील शाखांनी स्वतः अभ्यास करून जी कृती केली ती फळ, असे ठरले. कामगारांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली गेली आणि अभ्यासमंडळे चालली. यांतूनच पुढे संगणकासंबंधी करार झाले. १९७५ साली नॉर्वेच्या कामगार महासंघाने मालकांच्या महासंघाशी देशव्यापी करार केला. नवी यंत्रणा आणण्यापूर्वी कामगारांना समजेल अशा भाषेत माहिती दिली पाहिजे, आणि या कामासाठी त्यांना आपला स्वतंत्र प्रतिनिधी निवडता आला पाहिजे, हे त्यात मान्य झाले. १९७७च्या कार्यपरिस्थिती कायद्याने या हक्कांना कायद्याचे बळ दिले. शेजारच्या स्वीडनमध्ये कामाच्या ठिकाणच्या सहनिर्णयाचा कायदा १९७६ साली संमत झाला आणि १९७७ पासून अंमलात आला.

येथपर्यंतची कथा आपल्या चळवळीला अनोळखी वाटणार नाही. मागणी, करार, कायदा हा रस्ता आपणही चाललो आहोत. परंतु पुढे त्यांना जी अडचण आली ती फार शिकविणारी आहे. संगणक कारखान्याच्या दारात येई तो पूर्ण तयार होऊनच. त्यावर 'हो' किंवा 'नाही' म्हणता येई. 'असा नको, तसा हवा' असे म्हणण्यासाठी 'तसा' संगणक कोठे होता? वाटाघाटीच्या मेजावर बसण्याचा हक्क मिळाला, पण मांडायला दुसरे यंत्रच नव्हते. म्हणून कामगारांच्या बाजूने यंत्रच घडवून पाहावे, असा विचार पुढे आला आणि १९८१ साली 'युटोपिया' नावाचा प्रकल्प सुरू झाला. शिक्षण, तंत्र आणि उत्पादन यांचा कामाच्या दर्जाच्या दृष्टीने विचार, अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दांची आद्याक्षरे जुळवून हे नाव केले होते. नॉर्डिक देशांतील मुद्रण कामगारांची संघटना, स्टॉकहोमचे कार्यजीवन केंद्र व तेथील राजकीय तंत्रविद्यापीठ, आणि डेन्मार्कमधील ओर्हूस विद्यापीठ यांनी मिळून ते काम चालविले. पेले एन, मॉर्टेन क्यंग, सुसाने बोडकर ही त्यातील संशोधक मंडळी.

मुद्रण कामगारच का, हे आपल्याला सांगायला नको. खिळे जुळविणारा कामगार म्हणजे कामगारवर्गातला वाचणारा आणि अभिमानी माणूस. संगणकाने पहिला घाव घातला तो त्याच्यावर. न्यूयॉर्कमध्ये १९६२–६३ साली वर्तमानपत्रांतील जुळाऱ्यांचा संप ११४ दिवस चालला; त्यामागे यांत्रिक जुळणीची भीती होती. लंडनमध्ये १९८६ साली वॅपिंगच्या लढ्यात सुमारे साडेपाच हजार कामगार नोकरीला मुकले. स्वीडनच्या कामगारांनी या घावाला वेगळ्या रीतीने तोंड देऊन पाहिले.

त्या सुमारास तेथे शिशाचे खिळे मागे पडले होते. मजकुराच्या पट्ट्या कापून, कागदावर चिकटवून पाने लावीत असत. हे काम पडद्यावर कसे करावे, हा प्रश्न होता. संशोधकांनी प्रथम आपल्या पद्धतीने आकृत्या काढल्या, चौकटी आणि बाण यांची वर्णने केली. कामगारांना त्यांतून काहीच उमगेना. अशा वेळी तज्ज्ञ सहसा कामगाराच्या अडाणीपणाला दोष देतो. येथे दोष आकृत्यांचा मानला गेला. मग त्यांनी लाकडाच्या फळ्या, पुठ्ठे आणि कागद यांचे खोटे संगणक बनविले. पडद्याच्या जागी कागद लावला. कामाची एक पायरी झाली की तो काढून दुसरा लावीत. एका रिकाम्या खोक्यावर 'लेसर प्रिंटर' असे लिहून ठेवले. पोरखेळच म्हणाना! पण पाने लावणारा कामगार त्यासमोर बसला की त्याचे हात नेहमीचे काम करू पाहत, आणि जेथे हात अडखळे तेथे यंत्राची चूक सापडे. वर्तमानपत्राचे पान मोठे आणि पडदा लहान. सगळे पान दिसले तर अक्षर वाचता येत नाही, अक्षर वाचता आले तर पान दिसत नाही. ही अडचण चौकटींच्या आकृतीत दिसत नाही, खोट्या यंत्रासमोर ताबडतोब दिसते. शिवाय पुठ्ठा मोडायला कोणाचीच परवानगी लागत नाही. कामगाराने कात्री घ्यावी आणि यंत्र बदलावे.

या प्रयोगाचे शेवटी काय झाले, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यातून निघालेल्या गरजा एका स्वीडिश कंपनीच्या यंत्रणेत उतरल्या, आणि ती स्टॉकहोमच्या 'आफ्टनब्लाडेट' या दैनिकात वापरून पाहण्यात आली. पण यंत्रणा बाजारात पसरली नाही. पत्रकारांची संघटना या कामात बरोबर नव्हती. पान कोणी लावायचे, पत्रकाराने की मुद्रकाने, हा जुना वाद तसाच राहिला. आणि १९८५ साली पेजमेकर आणि ॲपलचा लेसर प्रिंटर बाजारात आला, तेव्हा त्या धंद्याचा पायाच ढासळू लागला. रिकामे खोके खरे झाले, पण ते कामगाराच्या बाजूने नव्हे.

विचार मात्र टिकला, आणि तोही अर्धाच. खोटे यंत्र करून वापरणाऱ्यापुढे ठेवावे, त्याचे हात कोठे अडखळतात ते पाहावे आणि पुन्हा घडवावे, ही रीत आज संगणकाच्या धंद्यात सर्रास शिकविली जाते. अमेरिकेतही त्याच सुमारास अशा विचाराला धार आली. १९८६ साली डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी संपादिलेल्या ग्रंथाने 'वापरकर्ता-केंद्रित' रचना हा शब्द रूढ केला, आणि १९९९ साली त्या रीतीचे आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. या विद्येचे ऋण मी मानतो. तिने यंत्रे पुष्कळ सुसह्य केली. परंतु 'कामगार' जाऊन 'वापरकर्ता' आला, तेव्हा एक गोष्ट गळाली. वापरकर्त्याला विचारतात, पण त्याच्यामागे संघटना नसते, करार नसतो आणि नाही म्हणण्याचा हक्क नसतो.

आपल्याकडे काय झाले? १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकीकरणासंबंधी करार केला. किती यंत्रे यावीत, कोणत्या कामांसाठी यावीत, ती चालविणाऱ्याला भत्ता काय मिळावा, हे त्यात ठरले. त्या काळी तो करार लहान नव्हता, आणि त्यामागच्या मंडळींविषयी मला आदर आहे. पण पडदा कसा असावा, एका हिशेबासाठी कळा किती वेळा दाबाव्या लागाव्यात, खिडकीबाहेरच्या ग्राहकाला काय दिसावे, हे प्रश्न आम्ही तज्ज्ञांवर सोडून दिले. हा दोष माझ्या पिढीच्याही पदरी आहे. दारावरचे ते यंत्र येणार हे आम्हांला महिनाभर आधी कळले होते. ते आणून दाखवा, आमच्या चार माणसांची बोटे आधी त्यावर टेकवून पाहू द्या, एवढी साधी मागणी मला सुचली नाही.

आज घरोघर जेवण पोहोचविणाऱ्या पोराचा मुकादम म्हणजे त्याच्या हातातला फोन. कोणते काम द्यायचे, किती मिनिटांत करायचे, चुकल्यास काय कापायचे, हे तो पडदा ठरवितो. ही पोरे आमच्या कचेरीत येतात तेव्हा दराची तक्रार सांगतात, आणि ती खरीच असते. पण आता मी त्यांना एक कोरा कागद देतो आणि म्हणतो, "बाबांनो, तुमच्या सोयीचा पडदा यावर काढून दाखवा." पहिल्यांदा ती हसतात. मग एक जण पेन मागून घेतो. मागच्या खेपेस एकाने सगळ्यांत आधी जे बटण काढले त्यावर लिहिले होते : 'पाऊस आहे, उशीर होईल.'