एकहाती चाकाची कुळकथा

घरच्या शेडमध्ये एन्ड्युरन्स धाटणीची मोटारसायकल बांधायला घेणारी मंडळी कुठल्याही देशातली असोत, खर्चाचा क्रम बहुतेक तोच. आधी दोन गोल हेडलाइटचं अर्धं फेअरिंग, मग मोठी टाकी, मग पाठीमागे कुबड असलेली एकट्याची सीट. आणि पैसे उरले, किंवा न उरताही, मागचं चाक एकाच बाजूने धरणारा स्विंगआर्म. मी त्याला एकहाती आर्म म्हणतो.

पहिल्या तिन्हींचं मूळ उघड आहे. 1922 साली फ्रान्समध्ये बोल दोर ही चोवीस तासांची एन्ड्युरन्स शर्यत सुरू झाली. सुरुवातीची तीसेक वर्षं तर एकच स्वार चोवीस तास गाडी हाकायचा. रात्र आली म्हणून दिवे आले, पेट्रोलसाठी थांबणं परवडेना म्हणून टाकी फुगली. 1976 पासून होंडाच्या आरसीबीने युरोपातल्या शर्यती जिंकायचा सपाटा लावला आणि हा मुखडा लोकांच्या डोळ्यांत बसला.

एकहाती आर्मची प्रचलित कथाही तेवढीच सरळ सांगितली जाते. फ्रान्सची तेलकंपनी एल्फ आणि रेनोचे इंजिनिअर आंद्रे द कोर्तांझ यांनी 1978 मध्ये एल्फ-एक्स ही विचित्र मोटारसायकल बांधली. तिला रूढ अर्थाने चासी नव्हती. इंजिनच सांगाडा, आणि पुढचं-मागचं दोन्ही चाकं एकेका बाजूने धरलेली. पुढे होंडाचं इंजिन घेऊन एल्फ-ई एन्ड्युरन्सच्या मैदानात उतरली. एल्फची पेटंटं होंडाने वापरली, 1987 मध्ये आरसी30 बाजारात आली, 1994 मध्ये मास्सिमो तांबुरिनीने डुकाटी 916 ला तोच आर्म लावला आणि जग वेडं झालं. कथा संपली.

मला ती संपलेली वाटत नाही. कारण याच कथेत एल्फच्या तीस वर्षं आधीचे दोन वंशज, खरं तर पूर्वज, बाहेर उभे आहेत.

पहिला पूर्वज आपल्या ओळखीचा. 1946 च्या एप्रिलमध्ये पियाज्जिओने व्हेस्पाचं पेटंट नोंदवलं. तिचा कर्ता कोर्रादिनो दास्कानिओ हा हेलिकॉप्टरचा माणूस. 1930 मध्ये त्याच्या हेलिकॉप्टरने उंची, अंतर आणि वेळ यांचे विक्रम केले होते. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे: चेन कपडे घाण करते आणि पंक्चर झालं की चाक काढणं म्हणजे शिक्षा. म्हणून त्याने पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एका बाजूने धरलं आणि मागचं इंजिनाच्या एका अंगाला बसवलं. हीच रचना परवान्याने बजाजकडे आली आणि 1972 पासून चेतकच्या रूपाने महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावली. स्कूटर आडवी करून, नट सोडून, स्टेपनी चढवून पुन्हा ऑफिसला पोचलेल्या पिढीने एन्ड्युरन्स रेसचा पिट-स्टॉप कधी पाहिला नसेल, पण केला मात्र अनेकदा.

दुसरा पूर्वज विस्मृतीत गेलेला. 1948 साली बव्हेरियातल्या इमेनश्टाटमध्ये नॉर्बर्ट रीडेलने इमे आर100 काढली. 99 सीसीची ही गाडी दोन्ही चाकं एकहाती धरायची, आणि मागचा आर्म म्हणजे चक्क एक्झॉस्ट पाइप! टंचाईच्या काळात एकच नळी दोन कामं करत होती. हा रीडेल कोण? जर्मन जेट इंजिन सुरू करायला इंजिनाच्याच तोंडात जो छोटा टू-स्ट्रोक स्टार्टर बसवत, त्याचा कर्ता. एमई 262 विमानं त्याच्याच स्टार्टरने उठायची.

आता माझं म्हणणं. हा आर्म मोटारसायकलवाल्यांनी शोधलेलाच नाही. दास्कानिओ आणि रीडेल युद्ध संपल्यावर बेकार झालेल्या विमानांच्या दुनियेतले, आणि कोर्तांझ रेनोच्या मोटारींचे. विमानाच्या आणि मोटारीच्या माणसाला चाक एका बाजूने धरणं जगावेगळं वाटतच नाही, दर मोटारीची चारही चाकं तशीच असतात. सायकलीच्या वंशातून आलेल्या माणसाला मात्र चाक दोन काट्यांमध्येच हवं. कोर्तांझने व्हेस्पा पाहून आर्म काढला असं मी म्हणत नाही. दोन्ही घराण्यांनी बाहेरून येऊन तोच प्रश्न विचारला, एवढंच म्हणतो.

याला आडवा येतो तो बीएमडब्ल्यूचा दावा. 1980 च्या आर80 जी/एसला मोनोलिव्हर नावाचा एकहाती आर्म होता, आणि 1981 मध्ये ह्युबेर ऑरिओलने बीएमडब्ल्यूवर पॅरिस-डाकार जिंकली. ही तर अस्सल मोटारसायकल कंपनी! पण तिथे चेनच नव्हती. शाफ्ट गुंडाळणारी जाड नळी आधीपासून एका बाजूला होतीच. दुसरी बाजू काढून टाकली, वजन वाचलं. एन्ड्युरन्सच्या चेनवाल्या गाडीचा प्रश्न वेगळा. एक्सल ओढला की स्पेसर पडतो, कॅलिपर लोंबतो, चेन उतरते. एकहाती आर्मवर मधला एकच मोठा नट सोडला की चाक बाजूने निघतं; स्प्रॉकेट, चेन, ब्रेक सगळं जागच्या जागी. म्हणून मोनोलिव्हर चुलत भाऊ, बाप नव्हे.

किंमत मात्र मोजावी लागते. एका बाजूने धरलेलं चाक आर्मला पिळतं, आणि पीळ सोसायचा तर नळीचा घेर वाढवावा लागतो, कारण बंद नळीचा पिळाविरुद्धचा ताठपणा तिच्या घेराबरोबर झपाट्याने वाढतो. म्हणून हे आर्म जाडजूड आणि सहसा जड. आजच्या मोटोजीपीत दोन काटेच दिसतात. एन्ड्युरन्सच्या बहुतेक संघांनीही दुकाट्याच आर्मवर झटपट चाक बदलण्याची सोय करून घेतली आहे. डुकाटीने 999 वर एकहाती सोडला, चाहते रागावले, 1098 वर परत आणला, आणि 2025 च्या पानिगाले व्ही4 वर पुन्हा सोडला.

घरी बांधणाऱ्यांनो, होंडा व्हीएफआरचा जुना आर्म हाती लागला तर आधी चेनची रेघ मोजा: पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत, आणि त्याच वेळी चाकाचा मध्य चासीच्या मध्यावर. दोन्ही जुळत नसतील तर पिव्हटचे स्पेसर लेथवर कातून घ्या. दोन शॉकची चासी असेल तर मोनोशॉकसाठी नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतील, ते जाणत्याकडूनच. चेन ताणायला हबमधला एक्सेंट्रिक फिरवायचा. त्याने चाकाची उंचीही किंचित बदलते, हे सेटिंग करताना लक्षात ठेवा. चाक मात्र चेन ताणताना तिरकं बसत नाही, हा या आर्मचा खरा फायदा. रस्त्यावर चालवणाऱ्याला याखेरीज त्याचा उपयोग दिसण्यापुरता आहे, आणि तो दिसतो छान.