बाग म्हणजे पाणी!

मंडळी, बाल्कनीतली तिसरी मिरचीपण गेली. धुळ्याला काकांना फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न, "वाफसा बघतोस का रे पाणी देताना?" मला वाटलं वाफेचं काहीतरी असेल :)

वाफसा म्हणजे जादा पाणी निथळून मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. आणि गोळा टाकला की फुटावा. मी रोज तांब्याभर पाणी ओतत होतो. मुळं गुदमरून मेली.

मग या वीकांताला बागकामाचे शब्द जमवायला बसलो आणि खानदेशच्या इतिहासातच अडकलो. 'बाग' शब्द फारसी, 'बागायत' त्याच घरातला. खानदेशावर १३८२ ते १६०१ फारुकी सुलतान, मग मोगल. महसुलाच्या कागदांत अशा शब्दांची चलती. पाणी मिळणारी जमीन बागायत, पावसावरची जिरायत. म्हणजे 'बाग' म्हटल्यावर आपल्याला गुलाब दिसतो, तिथे पाणी दिसतं.

या पाण्याचा हिशोब बघायचा तर धुळे जिल्ह्यातली पांझरा नदी. तिच्यावरची फड पद्धत तीनेकशे वर्षांची तरी आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या, जादा पाण्याला सांडवा. भिजणाऱ्या शिवाराचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, दरवर्षी फेरपालट. पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडायचं नाही, ते पाटकऱ्याचं काम, राखणीला जागल्या. आणि खरी गंमत पुढे आहे. साधारण प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो. (आमच्या ऑफिसात सर्व्हर बसला की मात्र एकाच्याच गळ्यात!) पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचं पाणी त्याचं झालं. बरेचसे फड मोडले.

जळगावकडे 'बाग' म्हणजे सरळ केळी. जून-जुलैत लावली तर मृगबाग, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावली तर कांदेबाग. त्यात कांदा शोधू नका, मी शोधला होता! घड कापल्यावर बुंध्याशी वाढवलेल्या पिलावर दुसरं पीक घेतात, ती पिलबाग. केळीला पाणी भरपूर लागतं. पूर्वी ते पाटाने सोडायचे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जळगावच्या भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी ठिबक गावोगावी नेलं. नळी मुळाशी थेंब थेंब सोडते, वाफसा टिकतो.

असो. चौथं रोप आणलंय. काका म्हणाले, "आधी कुंडी उलटी करून बघ, सांडवा आहे का." बघितलं. भोक होतं, पण रंगाने बुजलेलं. खिळ्याने मोकळं केलं.